वखार पावती आणि लहान शेतकरी : पेडणे-डिचोलीचा एक हिशेब

वाणिज्य शाखेच्या पाठ्यक्रमात 'वखार पावती' हा विषय दीड-दोन पानांत आटोपतो. व्याख्या, पावतीचे प्रकार, फायदे आणि मर्यादा असे चार मुद्दे ध्यानात ठेवले की परीक्षेपुरते काम भागते. परंतु हा विषय वर्गात शिकवताना मला नेहमी असे वाटत आले आहे की, एखादे विशिष्ट पीक, एखादा विशिष्ट मुलूख आणि रुपये-पैशांचा हिशेब समोर ठेवल्यावाचून त्याचे मर्म कळत नाही. चोर्ला घाट उतरला की साखळी आणि डिचोली लागते व तेथून पुढे पेडणे. या बाजूचे विद्यार्थी आपल्याकडे शिकावयास येतात आणि त्यांतील अनेकांच्या घरी काजूचा डोंगर किंवा सुपारीचे कुळागर असते. म्हणून प्रस्तुत लेखात पेडणे व डिचोली हे दोन तालुके घेऊन एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : वखार पावतीची पद्धत तेथील लहान शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल काय, आणि पडली तर ती टिकेल काय?

१. कल्पना

शेतकरी आपला माल मान्यताप्राप्त वखारीत ठेवतो. वखारवाला मालाचे वजन व प्रत पाहून त्याची पावती देतो. ही पावती बँकेकडे तारण ठेवून शेतकरी मालाच्या किमतीचा काही भाग कर्जाऊ घेतो. पुढे भाव चढला की माल विकून कर्ज, व्याज व वखारभाडे चुकते करतो आणि उरलेली रक्कम त्याची होते. पावती परक्राम्य असेल, म्हणजे नुसत्या पृष्ठांकनाने दुसऱ्याच्या नावे होणारी असेल, तर माल जागचा न हलवताही त्याची विक्री होऊ शकते.

या व्यवहारात तारण आहे ते पिकाचे, जमिनीचे नव्हे. ही गोष्ट दिसावयास लहान असली तरी गोव्याच्या संदर्भात फार मोठी आहे. तिच्याकडे पुढे यावयाचेच आहे.

२. थोडा इतिहास

आपल्या देशात या कल्पनेला खरे बळ मिळाले ते अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीमुळे. अ. दि. गोरवाला हे तिच्या समितीचे अध्यक्ष होते आणि धनंजयराव गाडगीळ हे एक सदस्य होते. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात असे दिसून आले की, शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळणारा भाग जेमतेम ३ टक्के होता. कर्ज, साठवण आणि विक्री ही तीन कामे एकमेकांना जोडल्यावाचून सावकाराची पकड सुटणार नाही, हा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. त्यातून १९५६ चा कायदा, १९५७ साली केंद्रीय वखार महामंडळ आणि पुढे १९६२ चा वखार महामंडळ कायदा असा क्रम लागला. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. म्हणजे या विचाराची पहिली घडण झाली तेव्हा गोवा त्या चौकटीच्या बाहेर होता.

दुसरा टप्पा २००७ च्या वखार (विकास व नियमन) कायद्याचा. हा कायदा ऑक्टोबर २०१० मध्ये अंमलात आला आणि पावतीच्या परक्राम्यतेला त्याने कायद्याचा आधार दिला. २०१७ पासून पावती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघू लागली आणि २०१९ पासून कागदी परक्राम्य पावती बंद झाली. अशा पावतीवर कर्ज देणाऱ्या बँकांना हमी मिळावी म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये १,००० कोटी रुपयांची पतहमी योजना सुरू केली.

महाराष्ट्रात याच जातीची, परंतु साधी व घरगुती स्वरूपाची योजना त्याही आधीपासून चालत आली आहे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासूनची. बाजार समितीच्या ताब्यातील गोदामात माल ठेवावयाचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यावयाचे, मुदत सहा महिने आणि व्याज सालीना ६ टक्के, असे तिचे ढोबळ स्वरूप आहे. तूर, सोयाबीन, हळद, बेदाणा यांच्याबरोबर काजूबीचाही तीत समावेश आहे. पेडण्याच्या सीमेला लागून असलेल्या सिंधुदुर्गात काजू हेच मुख्य नगदी पीक असल्यामुळे ही योजना आपल्या विचाराला जवळची ठरते.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील वाचकांना शिरसीचे उदाहरण परिचयाचे असेल. तेथील तोटगार्स को-ऑपरेटिव्ह सेल सोसायटी १९२३ सालची. सभासदाने सुपारी सोसायटीत आणावयाची, तिच्यावर उचल घ्यावयाची आणि निविदेने विक्री झाल्यावर हिशेब पुरा करावयाचा, ही रीत तेथे रुळलेली आहे. तिला कोणी वखार पावती म्हणत नाही, पण तत्त्व तेच आहे.

३. दोन तालुक्यांची परिस्थिती

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले. पेडण्यात तेरेखोल व शापोरा या नद्यांच्या काठी खाजन शेती आहे आणि खाऱ्या जमिनीतही तग धरणारे कोरगुट भात तेथे पिकते. वरच्या अंगाला डोंगर-भरडावर काजू. डिचोलीत भात, काजू आणि पाण्याच्या आश्रयाने सुपारी-नारळ-मिरीची कुळागरे आहेत. या तालुक्याच्या कित्येक गावांत खाणींची माती शेतात उतरली. २०१२ साली आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर अनेक कुटुंबे पुन्हा डोंगराकडे व शेताकडे वळली.

काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे. बोंडू भट्टीकडे जातात आणि बिया उन्हात वाळवून पोत्यांत भरतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो आणि पुढील चार महिन्यांत सुमारे ३,००० मिलीमीटर कोसळतो. तत्पूर्वी पुरुमेंताची तजवीज, घराची शाकारणी, मुलांच्या शाळेचा खर्च, भाताचे बी व खत ही सारी ओझी एकाच महिन्यात येतात. घरात कोरडी जागा नाही आणि हातात पैसा नाही. साहजिकच मे महिन्यात सगळेच विकावयास निघतात, आणि सगळेच विकावयास निघाले म्हणजे भाव घेणाऱ्याच्या हाती जातो.

येथे जमिनीचा प्रश्न आडवा येतो. गोव्यात १९६४ चा कूळ कायदा झाला, १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळाला मालकी मिळण्याचा मार्ग खुला झाला. तरीही कित्येक कुळांच्या नावावर आजही स्वच्छ कागद नाही. मयेसारख्या गावात स्थलांतरितांच्या मालमत्तेचा गुंता अनेक वर्षे राहिला. शिवाय काजूचा डोंगर वर्षापुरता पावणीने किंवा खंडाने घेणारी माणसे आहेत, त्यांच्याकडे जमिनीचा कागद असण्याचा प्रश्नच नाही. जमीन तारण मागणाऱ्या बँकेच्या दारात ही माणसे उभी राहू शकत नाहीत. त्यांच्यापाशी आहेत ती फक्त चार-सहा पोती काजूबी. या पोत्यांवरच कर्ज मिळण्याची सोय झाली, तर जे काम कूळ कायद्याला पन्नास वर्षांत पुरे करता आले नाही त्यातील एक भाग, कर्जापुरता का होईना, साधेल. वखार पावतीचे मोल मला येथे दिसते.

४. शेतकऱ्याचा हिशेब

आता आकडे मांडून पाहू. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे घालून पाहावेत.

समजा, एका शेतकऱ्याने मे महिन्यात ३०० किलो काजूबी वखारीत ठेवली. बाजारभाव किलोला १२० रुपये. मालाची किंमत ३६,००० रुपये झाली. त्यावर ७५ टक्क्यांप्रमाणे २७,००० रुपये कर्ज मिळाले. सहा महिन्यांचे ६ टक्के दराने व्याज ८१० रुपये. वखारभाडे किलोला महिना ५० पैसे धरले तर ९०० रुपये. वाहतूक व हमाली ३०० रुपये. एकूण खर्च २,०१० रुपये.

याखेरीज घट आहे. बी वखारीत येते तेव्हा तीत ओल असते आणि ती वाळली की वजन उतरते. १२ टक्के ओलीची १०० किलो बी ८ टक्क्यांपर्यंत वाळली तर सुमारे ९५.६५ किलो भरते. आपला शेतकरी बी चांगली वाळवून आणतो असे समजून घट ३ टक्केच धरू. म्हणजे विकावयास २९१ किलो उरली.

आता मूळ ३६,००० अधिक खर्च २,०१०, मिळून ३८,०१० रुपये २९१ किलोंतून यावयास हवेत. भाव पडतो सुमारे १३० रुपये ६० पैसे. याचा अर्थ सहा महिन्यांत भाव जवळजवळ ९ टक्क्यांनी चढला तर शेतकऱ्याचा हिशेब बरोबरीत सुटतो आणि त्यापुढचा चढ तेवढा त्याचा नफा. व्याज १२ टक्के असेल तर हीच रेषा १३३ रुपयांवर जाते. अडकून राहिलेल्या ९,००० रुपयांचे व्याज यात धरलेले नाही.

भाव तेवढा चढेलच असे मात्र नाही. गोव्यातील काजू कारखाने आफ्रिकेतून आलेली बीही फोडतात. पश्चिम आफ्रिकेचा हंगाम आपल्या हंगामाच्या आगेमागेच असतो आणि टांझानियाचा ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो. म्हणून नोव्हेंबरचा भाव पेडण्यात किती पिकले यापेक्षा बंदरात किती उतरले यावर अधिक अवलंबून असतो. वखार पावती शेतकऱ्याला वाट पाहण्याची ऐपत देते, भावाची हमी देत नाही.

५. आधारभूत किमतीचा पेच

गोवा सरकार काजूबियांना आधारभूत किंमत देते. २०२३ साली ती किलोला १२५ रुपयांवरून १५० रुपये करण्यात आली. बाजारभाव त्याहून कमी असेल तर मधला फरक शेतकऱ्याला सरकारकडून मिळतो. ही योजना चांगलीच आहे आणि तिने अनेकांना सावरले आहे. परंतु वखार पावतीशी तिची गाठ घालून पाहिली तर एक चमत्कारिक गोष्ट निदर्शनास येते.

आपल्या उदाहरणातील शेतकऱ्याने मे महिन्यात १२० ने विकले तर त्याला ३० रुपये फरक मिळतो आणि हाती १५० पडतात, म्हणजे ३०० किलोंचे ४५,००० रुपये. तोच माल वखारीत ठेवून नोव्हेंबरात १४० ने विकला तर फरक मिळतो १० रुपये, हाती पुन्हा १५०. पण आता माल २९१ किलो. रक्कम ४३,६५० रुपये, त्यातून खर्च २,०१० वजा जाता उरले ४१,६४० रुपये. वाट पाहिल्याबद्दल ३,३६० रुपयांचा तोटा! भाव वीस रुपयांनी चढला, पण त्या चढाचा लाभ झाला सरकारी तिजोरीला. अशा स्थितीत कोणता शहाणा शेतकरी वखारीची पायरी चढेल?

यावर उपाय सोपा आहे. फरक ठरवताना विक्रीच्या दिवसाचा नव्हे, तर माल वखारीत जमा केल्याच्या दिवसाचा बाजारभाव धरावा. तसे केले तर वरील शेतकऱ्याला फरकाचे ९,००० रुपये मे महिन्यातच मिळतील. पुढे १४० प्रमाणे २९१ किलोंचे ४०,७४० रुपये येतील. खर्च वजा जाता एकूण ४७,७३० रुपये होतात, म्हणजे लगेच विकण्यापेक्षा २,७३० रुपये अधिक. सरकारलाही मे महिन्यात जेवढा फरक द्यावा लागला असता त्याहून एक पैसाही जास्त लागत नाही.

झांबियाचा अनुभव येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. तेथे २००० नंतरच्या काही वर्षांत मक्यासाठी वखार पावतीची यंत्रणा मोठ्या अपेक्षेने उभारण्यात आली. पण सरकारी अन्नसाठा संस्था देशभर ठरावीक भावाने मका घेत राहिली, भावाचा हंगामी चढ-उतार बिघडला आणि साठवणुकीत अर्थ उरला नाही. यंत्रणा काही वर्षांतच बंद पडली. आपल्याकडे भातही बव्हंशी याच कारणाने वखारीसाठी दुबळे पीक ठरते. त्याची किंमत किलोला वीस-बावीस रुपये धरली तर महिना ५० पैसे भाडे म्हणजे किमतीच्या दोन टक्क्यांहून अधिक झाले. काजूला हेच भाडे अर्ध्या टक्क्याहूनही कमी पडते. शिवाय कोरगुटासारखे भात घरच्या जेवणासाठीच राखले जाते.

६. वखारीचा हिशेब

शेतकऱ्याला परवडले तरी वखारीला परवडावयास हवे. टिकाऊपणाचा खरा प्रश्न येथे आहे.

५० टनांचे एक लहान गोदाम घेऊ. ३०० किलोंच्या हिशेबाने ते भरावयास सुमारे १६७ शेतकरी लागतील. गोदामपालाचा पगार महिना १५,००० रुपये, म्हणजे वर्षाचे १,८०,०००. इमारतीची देखभाल ६०,०००. विमा, धुरी देणे, वीज यांचे ३०,०००. एकूण खर्च २,७०,००० रुपये.

उत्पन्न पाहू. मे ते ऑक्टोबर काजूने गोदाम पूर्ण भरले तर भाड्याचे १,५०,००० रुपये. नोव्हेंबरनंतर २० टन सुपारी सहा महिने राहिली तर ६०,०००. उरलेल्या जागेत ३० टन भात चार महिने निम्म्या भाड्याने ठेवले तर ३०,०००. बेरीज २,४०,०००. गोदाम वर्षभर भरलेले असूनही ३०,००० रुपयांची तूट!

आता हेच गोदाम आधीपासून चालू असलेल्या संस्थेला जोडा. गोव्याच्या गावागावांत विविध कार्यकारी सेवा सोसायट्या आहेत. गोवा बागायतदार सहकारी खरेदी विक्री संस्था काजू, सुपारी, मिरी यांच्या व्यवहारात मुरलेली आहे. अशा संस्थेचा नोकर अर्धा वेळ दुकान आणि अर्धा वेळ गोदाम सांभाळू शकतो. पगाराचा निम्मा बोजा कमी झाला की खर्च १,८०,००० वर येतो आणि तुटीच्या जागी ६०,००० रुपये शिल्लक पडते. गोदाम दोन-तृतीयांशच भरले तरी तूट २०,००० च्या आत राहते आणि दुकानाच्या नफ्यातून ती सोसता येते.

मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने सहकारी क्षेत्रात धान्य साठवणुकीची फार मोठी योजना मंजूर केली. तिच्या पहिल्या प्रयोगातील ११ सोसायट्यांच्या गोदामांची क्षमता मिळून ९,७५० टन, म्हणजे सरासरीने सोसायटीमागे जवळजवळ ९०० टन. पंजाब-मध्यप्रदेशाला हे माप शोभते. गोव्यात काजूचे उत्पन्न हेक्टरी सुमारे अर्धा टन धरले तर एवढे गोदाम भरावयास १,८०० हेक्टर काजू लागेल. पेडण्याच्या एखाद्या गावात असे गोदाम बांधले तर त्यात बहुधा सिमेंटची पोती ठेवावी लागतील. आपल्याला माप लहानच घ्यावे लागेल.

७. विश्वासाचा प्रश्न

पावतीमागे माल असला पाहिजे. हे वाक्य बाळबोध वाटेल, पण २०१३ साली मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमध्ये सुमारे ५,६०० कोटी रुपये बुडीत अडकले ते याच कारणाने. गोदामांत पावत्यांइतका माल नव्हता.

दुसरा धडा टांझानियाचा, आणि तो काजूचाच आहे. तेथे २००५ चा कायदा झाला आणि २००७ पासून मट्वारा भागात काजूसाठी वखार पावती लागू झाली. शेतकरी प्राथमिक सोसायटीत बी देतो, वखारीच्या पावतीवर बँक सोसायटीला पैसे देते, त्यातून पहिला हप्ता वाटला जातो आणि लिलावानंतर दुसरा. पद्धत सुबक होती. परंतु २०१२-१३ च्या हंगामात लिलावाचा भाव पडला आणि दुसरा हप्ता अपेक्षेपेक्षा फारच कमी आला. एप्रिल २०१३ मध्ये लिवाले येथे शेतकऱ्यांच्या संतापाचा भडका उडून जाळपोळ झाली. शेतकऱ्याला विकावे केव्हा हे ठरवण्याचा अधिकार उरला नव्हता आणि हिशेब त्याच्या डोळ्यांआड होत होता, हे त्यामागचे मोठे कारण होय.

याउलट नायजरमधील खेड्यांत एक साधी रीत रुजली. गावातच लहान कोठार, त्याला दोन कुलुपे. एक किल्ली शेतकऱ्यांच्या संघाकडे, दुसरी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे. दोघे हजर असल्यावाचून दार उघडत नाही. माल प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर राहतो आणि तपासनिसाचा खर्च वाचतो. पेडणे-डिचोलीला ही रीत चोख लागू पडेल असे माझे मत आहे. एक किल्ली सोसायटीची, दुसरी बँकेची. ओल मोजण्याचे यंत्र आणि काप-चाचणी, म्हणजे नमुन्याच्या बिया कापून गर पाहणे, ही दोन्ही कामे शेतकऱ्यासमोर व्हावीत. माल विकत घेणाऱ्या कारखानदाराकडे वखारीचा ताबा कदापि नसावा.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून माझे मत असे बनले आहे की, या दोन तालुक्यांत वखार पावतीची पद्धत चार अटींवर टिकू शकेल. ती काजू, सुपारी, मिरी अशा किमती व टिकाऊ मालापासून सुरू व्हावी. नवी संस्था न काढता चालू सोसायटीच्या अंगाने ती वाढावी. आधारभूत किमतीचा फरक माल जमा केल्याच्या दिवशी ठरावा. आणि विकण्याचा दिवस शेतकऱ्यानेच निवडावा. यांतील तिसरी अट सरकारच्या हाती आहे व ती पुरी होईपर्यंत ज्याला फरक मिळतो तो शेतकरी वखारीकडे फिरकणार नाही. मात्र कागदाअभावी ज्याला फरकही मिळत नाही त्या खंडकऱ्याला पावतीचा उपयोग आजही आहे. म्हणून आरंभ त्याच्यापासून करावा.

पेडण्यात मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून डोंगराची किंमत काजूच्या हिशेबाने कोणी करीत नाही. पोत्यामागे शे-दोनशे रुपये अधिक मिळाल्याने ही ओढ थांबेल असे मी म्हणणार नाही. पण ज्याला डोंगर राखावयाचा आहे त्याला मे महिन्याच्या टंचाईने तो विकावा लागू नये, एवढे तरी आपल्या अर्थशास्त्राने साधावे.

विद्यार्थी मित्रांना एकच सूचना. तुमच्या घरी काजू असेल तर येत्या हंगामात मे महिन्याचा भाव, नोव्हेंबरचा भाव आणि वाळल्यानंतरचे वजन, एवढे तीन आकडे वहीत टिपून ठेवा. दहा घरांचे असे आकडे जमले तर वर मांडलेला कल्पित हिशेब बाजूला सारून आपण खरा हिशेब मांडू शकू, आणि तो कोणत्याही सोसायटीच्या सभेत वाचून दाखवता येईल.